उकळलेले पाणी : ब्लँटायरमधील आठ महिने

दक्षिण गोलार्धात सप्टेंबर हा वसंताचा महिना. मलावी देशातील ब्लँटायर शहराचे रस्ते त्या दिवसांत जॅकरंडाच्या जांभळ्या फुलांनी झाकून जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर, मिचिरू, न्दिरांदे आणि सोचे या डोंगरांच्या कुशीत हे शहर वसले आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७६ मध्ये येथे वस्ती केली आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या स्कॉटलंडमधील जन्मगावाचे नाव तिला दिले. शेजारच्या लिंबे भागात गुजराती व्यापाऱ्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. कापड, हार्डवेअर, किराणा, डाळीच्या गिरण्या असा सगळा पसारा. लिंबेच्या बाजारात उभे राहिले की क्षणभर वाटावे, आपण मराठवाड्याच्या वेशीवरील एखाद्या पेठेतच आहोत.

२०२२ च्या पर्युषणानंतर बार्शीचे एक दांपत्य येथे सेवेसाठी आले. गृहस्थांनी चाळीस वर्षे धान्यबाजारात तुरीची आडत केलेली; बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लिंबेत हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या भाच्याने फोनवर आग्रह धरला होता. ‘‘मामी, येथे गरीब मुलांची एक शाळा आहे, गणिताला शिक्षक नाही. मामा, त्याच संस्थेच्या दवाखान्याचा हिशोब कोणी पाहायला नाही. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे!’’ मार्चच्या मध्याचे परतीचे तिकीट काढूनच दोघे निघाले. लिंबेत थोड्याच दिवसांत सगळेच त्यांना मामा-मामी म्हणू लागले.

सेवेला निघालेल्या माणसाच्या मनात कामाचे एक चित्र असते. वर्ग, फळा, मुले, वह्या. त्या चित्रात वीज नसते आणि पाणीही नसते, कारण ती दोन्ही गृहीत धरलेली असतात. ब्लँटायरने पहिल्या आठवड्यातच हे गृहीत खोडून काढले.

सकाळी गेलेली वीज दुपारी येई आणि दुपारी आलेली संध्याकाळी जाई. ‘‘मागेत्सी गेली,’’ असे कोणीतरी म्हणे आणि दुसरे कोणीतरी उत्तर देई, ‘‘पेपानी.’’ मागेत्सी म्हणजे वीज, हे मामींना लगेच कळले. ‘पेपानी’चा अर्थ मात्र लागेना. पाय अडखळला तरी पेपानी, घरात कोणी गेले तरी पेपानी, चूक आपली असली तरी पेपानी आणि नसली तरीही पेपानी. भाचा म्हणाला, ‘‘मामी, याला आपल्याकडे एक शब्द नाही. ‘मला क्षमा करा’ आणि ‘तुमच्या दुःखात मी आहे’ ही दोन्ही वाक्ये त्यात येतात.’’

विजेपाठोपाठ पाणी जाई. मामांना हे कोडे वाटले, कारण पाऊस उत्तम पडणाऱ्या, अफाट सरोवर लाभलेल्या देशात नळ कोरडा का असावा? उत्तर भूगोलात होते. मलावी सरोवरातून शिरे ही एकच नदी बाहेर पडते आणि देशाची बहुतेक वीज या नदीवरील केंद्रांत तयार होते. ब्लँटायर शहर डोंगरावर आणि नदी खाली खोऱ्यात. शहराचे बहुतेक पाणी चाळीसेक किलोमीटरवरून, कित्येक शे मीटर चढवून, पंपांनी वर आणावे लागते. म्हणजे वीज नाही तर पंप नाही आणि पंप नाही तर पाणी नाही. त्यातच २०२२ च्या जानेवारीत ॲना वादळाच्या पुराने कापिचिरा येथील धरणाचा भाग वाहून नेला होता. सुमारे १३० मेगावॉटचे, देशाच्या निर्मितीचा जवळजवळ तिसरा हिस्सा देणारे ते केंद्र बंद पडले होते आणि मामा-मामी पोहोचले तेव्हाही बंदच होते.

दिनक्रमाची घडी नव्याने बसवावी लागली. पाणी येईल तेव्हा, मग मध्यरात्र असली तरी, उठून पिंपे भरायची. वह्या दिवसाउजेडी तपासायच्या. एका बाबतीत मात्र बार्शीचा रिवाज कामी आला. संध्याकाळी सहाच्या सुमारास वीज गेली की शेजारची घरे स्वयंपाकासाठी धडपडत. मामा-मामींचे जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असे. शेजारच्या दुकानदाराने एकदा हसत विचारले, ‘‘मामा, तुमच्या पूर्वजांना लोडशेडिंगची आगाऊ खबर होती काय?’’

आणखी एक उलटापालट त्यांना गंमतीची वाटली. भारतात पावसाळ्यात जीवजंतूंची उत्पत्ती वाढते म्हणून साधू-साध्वी चार महिने एका ठिकाणी थांबतात. येथे ते चार महिने कोरडे. नोव्हेंबरात कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि ब्लँटायरमध्ये पाऊस सुरू झाला. दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचे ढग जमू लागले. मामी म्हणाल्या, ‘‘अहो, पंचांग बार्शीत राहिले. पाय जपून टाकायचे ते आता.’’

गंमत येथवरच होती. प्रश्न उभा राहिला तो चुलीपाशी. भाच्याच्या घरी गॅस होता. पण सिलिंडर महाग आणि वेळेवर मिळेलच असे नाही. विजेच्या शेगडीचा भरवसा नाही. घरोघर वापरात असे ते ‘मकाला’ म्हणजे लोणारी कोळसा आणि तो पेटवण्याची पत्र्याची ‘म्बाउला’ शेगडी. मलावीतील दहापैकी नऊहून अधिक घरांचा स्वयंपाक लाकडावर किंवा कोळशावर होतो. मामांनी कोळसा घरात आणण्यास नकार दिला. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाचे पंधरा कर्मादान व्यवसाय सांगितले आहेत आणि त्यांत पहिला अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा. लहानपणी पाठ केलेली ती यादी एवढ्या वर्षांत कधी व्यवहारात समोर आली नव्हती. तुरीच्या आडतीत कोळसा कुठून यावा?

‘‘धंदा करणे वेगळे आणि शेगडीत चार खडे टाकणे वेगळे,’’ भाचा म्हणाला.

‘‘घेणारा नसेल तर पाडणारा पाडील का?’’ मामांनी विचारले. गॅस नसे त्या दिवशी ते भिजवलेले मूग, केळी आणि शेंगदाणे यांवर भागवत.

पहाटे फिरायला गेले की मामांना कोळशाच्या सायकली दिसत. म्वान्झाच्या रस्त्याने माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी पोती सायकलवर बांधून तरुण मुले रात्रभर चालत येत. चढावर सायकल ढकलायची, उतारावर जिवाच्या कराराने आवरायची. परवान्याशिवाय कोळसा पाडणे हा तेथे गुन्हा. म्हणून चौकीचीही धास्ती. व्यापारी माणसाच्या सवयीने मामांनी वहीच्या शेवटच्या पानावर या मालाची साखळी मांडली. झाडे तुटली की डोंगराची माती सुटते. माती नदीत उतरते. गाळ धरणात साचतो. केंद्राची चाके अडतात, वीज जाते. वीज गेली की लोक कोळसा घेतात आणि कोळशासाठी पुन्हा झाडे तुटतात. जमा आणि खर्च एकाच खात्यावर पडत होते. साखळीत दोषी कोण, हे त्या पानावर कोठेच लिहिता येईना.

नाताळाच्या आसपास पेट्रोलचा तुटवडा वाढला. परकीय चलनाची टंचाई होती. त्या मे महिन्यात तेथील क्वाचा या चलनाचे २५ टक्के अवमूल्यन झाले होते. पंपांवर रांगा लागत, मिनीबस अर्ध्या वाटेवर प्रवासी उतरवत. शाळेचे चार किलोमीटर मामी पायी चालू लागल्या. त्यांच्या सोबतीला शाळेत पाणी भरणारी, झाडलोट करणारी एक बाई असे. तिला सगळे अमाई म्हणत. अमाई म्हणजे आई. तिचे घर सोचे डोंगराच्या पायथ्याशी, चिलोब्वे वस्तीत. तिचा नातू मामींच्याच वर्गात होता.

या चालण्यात अमाईची हकीगत कळत गेली. तिचे माहेर शेतकरी. शेतात मका आणि ‘नांदोलो’. नांदोलो म्हणजे तूर, हे कळताच मामांनी संध्याकाळी खोदून खोदून चौकशी केली. मलावीची तूर भारतात येते, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होते. २०२१ मध्ये दोन्ही देशांत दरवर्षी पन्नास हजार टन तूर घेण्याचा करारही झाला होता. अमाईने मात्र त्याआधीच्या एका वर्षाची गोष्ट सांगितली. एके हंगामात व्यापारी नांदोलो घ्यायलाच आले नाहीत. भाव इतका पडला की काढणीची मजुरी निघेना. त्या वर्षी तिची धाकटी बहीण नवऱ्यासह शेत सोडून शहरात आली आणि चिलोब्वेच्या चढावर, डोंगर खणून सपाट केलेल्या तुकड्यावर तिने घर बांधले.

मामांना ते वर्ष आठवले. २०१७. भारतात आदल्या हंगामात तुरीचे पीक विक्रमी आले होते, बाजार हमीभावाखाली गेला होता आणि बार्शीचे शेतकरी व आडते दोघेही हवालदिल होते. ऑगस्टमध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, तेव्हा बाजार समितीच्या आवारात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्या दिवशी मामांनी पेढे आणवले होते. निर्णय चुकीचा होता असे त्यांना आताही म्हणता येत नव्हते, कारण बार्शीचा शेतकरी खरोखर बुडत होता. पण त्या पेढ्यांची दुसरी बाजू त्यांनी प्रथमच ऐकली. ते म्हणाले, ‘‘पेपानी, अमाई.’’ पेढ्यांची गोष्ट मात्र त्यांनी तिला सांगितली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये शाळा उघडण्याच्या बेताला दुसरीच आपत्ती आली. मागील मार्चपासून पसरत चाललेला कॉलरा शहरांत पोहोचला होता. मलावीच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी साथ. पुढे तिने सतराशेहून अधिक जीव घेतले. ब्लँटायर आणि लिलाँग्वे येथील शाळा दोन आठवडे उशिरा उघडण्याचा आदेश निघाला. रिकाम्या वेळात मामी शाळेच्या ओट्यावर पालकांना जमवू लागल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट त्यांनी आत्मविश्वासाने सांगितली : पाणी दुहेरी फडक्याने गाळा, उकळा, झाकून ठेवा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सभा उठल्यावर अमाई मागे राहिली. ‘‘मामी, पाणी उकळायला मकाला लागतो. तेवढा मकाला आणला तर त्या दिवशी न्सिमा शिजत नाही. मी पोरांना पाणी देऊ की जेवण?’’

न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तेथील रोजचे अन्न. मामींना उत्तर सुचले नाही. आयुष्यभर पाणी उकळताना त्यांनी जीवदयेचा विचार केला होता, आरोग्याचाही केला होता. इंधनाच्या किमतीचा विचार करण्याची वेळ आली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मामा दवाखान्याच्या कोठारातून क्लोरीनच्या बाटल्या मोजून देऊ लागले. घागरीत किती थेंब आणि किती मिनिटे थांबायचे, हे मामींनी गणिताच्या तासालाच शिकवले. मुले घरी जाऊन आयांना शिकवू लागली. साथीत शाळेतील एकही मूल दगावले नाही. मार्चची १६ तारीख जवळ येत होती. मामींनी बॅगा भरायला घेतल्या.

त्याच सुमारास फ्रेडी नावाचे चक्रीवादळ मोझांबिकच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांदा धडकले. फेब्रुवारीच्या आरंभी ऑस्ट्रेलियाजवळ जन्मून, अख्खा हिंदी महासागर ओलांडून, मादागास्कर आणि मोझांबिकला एकदा झोडपून ते समुद्रात परतले होते आणि पुन्हा उलटून आले होते. पाच आठवड्यांहून अधिक काळ जगलेल्या या वादळाने रविवारी, १२ मार्चला, दक्षिण मलावीवर पाऊस ओतायला सुरुवात केली. रात्रभर पत्र्यावर पाणी असे कोसळत होते की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येईना. वीज गेली, फोन गेले. पहाटेच्या अंधारात सोचे डोंगराकडून एक जड, घरघरता आवाज आला. कोणालाच तो ओळखता आला नाही.

उजाडल्यावर कळले. झाडे तुटून उघड्या पडलेल्या उतारांनी पाणी धरून ठेवले नव्हते. चिखल, घरांएवढे दगड आणि उन्मळलेली झाडे चिलोब्वेवरून वाहत गेली होती. लोक फावड्यांनी, नुसत्या हातांनी चिखल उपसत होते. सोमवारी सरकारने दक्षिण भागात आपत्ती जाहीर केली. देशभरात मृत व बेपत्ता मिळून बाराशेहून अधिक माणसे गेली आणि लाखो बेघर झाली.

अमाई आणि तिचा नातू तिसऱ्या दिवशी शाळेत आले. पायथ्याचे त्यांचे घर अर्धे उभे होते. चढावरच्या बहिणीचे घर, नवरा आणि दोन मुलांसह, राहिले नव्हते. मामी तिच्याजवळ बसून राहिल्या. गणिताच्या शिक्षिकेला त्या क्षणी सोबतीला एकच शब्द होता आणि तो त्यांनी हळूच उच्चारला, ‘‘पेपानी.’’

शाळेचे वर्ग आता निवारा झाले. फळ्याखाली चटया पसरल्या, बाकांच्या भिंती करून कुटुंबे राहू लागली. पुराच्या राड्याने वीजकेंद्रे ठप्प झाली होती आणि पाण्याच्या वाहिन्या तुटल्या होत्या. कॉलरा अजून गेला नव्हता. क्लोरीन दोन दिवसांत संपले. नवा साठा रस्ते खुले झाल्यावरच येणार. शेकडो माणसे आणि ओढ्याचे गढूळ पाणी! आता ते उकळण्यावाचून मार्ग नव्हता आणि भिजलेल्या शहरात कोरडे इंधन एकच होते.

मामा सकाळी उठले, सामायिक केले आणि भाच्याला म्हणाले, ‘‘गाडी काढ. बाजारात कोळसा मिळतो का पाहू.’’

भाच्याने त्यांच्याकडे पाहिले. बोलला काही नाही. चाळीस वर्षे पोत्यात हात घालून तुरीची प्रत सांगणाऱ्या मामांनी त्या दिवशी कोळशाच्या पोत्यांत हात घालून ओलसर माल बाजूला काढला, भाव ठरवला आणि दहा पोती शाळेत उतरवली. संध्याकाळी त्यांनी वहीच्या त्याच शेवटच्या पानावर नोंद केली : ‘कोळसा, दहा पोती. स्वतः घेतला.’ पुढे कारण लिहिण्याची जागा त्यांनी कोरी सोडली. प्रवासाची १६ तारीख येऊन गेली. तिकीट पुढे ढकलले गेले, त्याची चर्चाही झाली नाही.

पाच मोठी पातेली दिवसभर खळखळत. मामी फडके धरून पाणी गाळत, अमाई शेगडी राखे. दुःखात हाताला काम असावे म्हणून ती स्वतःहून येऊन बसली होती. तिनेच चौथ्या-पाचव्या दिवशी सुचवले, ‘‘मकाल्यावर इतका पैसा घालू नका. माझ्या गावच्या बायका चितेतेझो करतात.’’ चितेतेझो म्बाउला म्हणजे भाजलेल्या मातीची, जाड भिंतींची चूल. काटक्या, मक्याची बुरकुंडे असे काहीही तिच्यात जळते आणि तीन दगडांच्या चुलीपेक्षा लाकूड पुष्कळ कमी लागते. रस्ता खुला होताच मामा भाच्याच्या टेम्पोने त्या गावी गेले. महिलांच्या गटाकडे होत्या तेवढ्या चुली त्यांनी रोखीने घेतल्या आणि पुढच्या मालासाठी निम्मी रक्कम आगाऊ दिली. आगाऊ रक्कम पाहून बायका गोंधळल्या. मामांनी भाच्याकरवी सांगितले, ‘‘आडतीत असेच असते. मातीला हात घालण्यापूर्वी कारागिराच्या हातात पैसा हवा.’’

एप्रिलच्या अखेरीस निवारा उठला, वर्ग पुन्हा भरू लागले आणि दांपत्य बार्शीला परतले. गॅसच्या शेगडीवर पाणी तसेच उकळते आहे. मामी आता भांड्यावर न विसरता झाकण ठेवतात आणि उकळी फुटताच आच बंद करतात. दर तिमाहीला लिंबेच्या दुकानातून चुलींचा हिशोब येतो. मामा तो कोळशाच्या नोंदीखालीच उतरवून घेतात.

त्या वर्षी संवत्सरीला, प्रतिक्रमणानंतर दुसऱ्या दिवशी, मामांनी नातेवाइकांना नेहमीप्रमाणे फोन केले. शेवटचा फोन भाच्याला होता. त्यांनी अमाईला दुकानात बोलावून घ्यायला सांगितले होते. पेढ्यांची गोष्ट त्यांनी भाच्याला तेव्हा प्रथमच सांगितली आणि म्हणाले, ‘‘हे सगळे तिला समजावून सांग आणि माझ्या वतीने मिच्छामि दुक्कडम् म्हण.’’

पलीकडे बराच वेळ भाच्याचे बोलणे ऐकू येत राहिले. शेवटी त्याने ‘मिच्छामि दुक्कडम्’चे भाषांतर एकाच शब्दात केले. क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग अमाईच्या आवाजात तोच शब्द परत आला, ‘‘पेपानी, मामा.’’